सहदेव शेगडीवाल्याची हरकत

मी रागीट आहे हे तळेऱ्याच्या तिठ्यावर कोणीही सांगेल. झेरॉक्सच्या दुकानात बसून माणसाने शांत कसं राहावं, हे मला एकदा कोणीतरी दाखवावंच. लोक आधार कार्ड माशाच्या पिशवीतून काढून देतात आणि वर विचारतात, नम्रता, फोटो साफ येतलो मां? पण या सगळ्यांनी मिळून मला जेवढं छळलं नसेल, तेवढं शेजारच्या गाळ्यातल्या सहदेवकाकांनी छळलं. आणि तेसुद्धा कधी आवाज न चढवता.

काका गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. करायचे म्हणायला हवं, पण ते पुढे येईल. वैभववाडीपासून इकडे देवगडच्या वाटेवरच्या गावांपर्यंत बत्तीस वर्षं 'शेगडीवालो सहदेव' म्हटलं की दुसरं कोणी नाही. अंगाने सुक्या बांगड्यासारखे, खांद्याला पिशवी, पिशवीत पाने-पक्कड आणि साबणाच्या पाण्याची बाटली. नळी जोडली की तिला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघणार. नाही आला तरी पुन्हा लावून बघणार. गिऱ्हाईक स्वतः म्हणतंय की शेगडी गेली, नवीन घेतो, तर हे म्हणणार, कित्याक, बर्नरात मुंग्यांनी माती भरल्यानी इतक्याच. असल्या माणसाचा धंदा चालतो कसा, असं मला रोज वाटायचं. पण चालत होता बरा.

तर नर्मदाकाकीची गोष्ट. कासार्ड्याची नर्मदाकाकी, नवरा जाऊन दहा वर्षं झाली, मुलगा अजय गोव्यात कामाला. गेल्याच्या गेल्या चतुर्थीला त्याने आईसाठी काचेची शेगडी आणली. काळी, चकचकीत, वाकून बघितलं तर कपाळाचं कुंकू दिसेल अशी. कंपनीचं नाव मी घेणार नाही, उद्या मलाच नोटीस यायची. काकीने तिच्यावर काय ठेवलं? जो तवा सासूने दिला तोच, बिडाचा. घावणे दुसऱ्या कशावर होतात का? कोकणात शेगडी विकायची आणि बिडाचा तवा ठेवू नका म्हणायचं, म्हणजे होडी विकून पाण्यात घालू नका म्हणण्यातला प्रकार.

एका सकाळी तिसरा घावणा सुटायच्या आत काच फुटली. काकी वाकून झाकण काढत होती. डावा डोळा गेला. आधी कुडाळला नेलं, मग गोव्याला, पण गेला तो गेलाच.

काकांनी महिन्यापूर्वीच तिच्या शेगडीची नळी बदलली होती. ऐकल्याबरोबर ते कासार्ड्याला गेले आणि तिथे जाऊन त्यांनी काय केलं, तर गुडघे टेकून काचेचे तुकडे गोळा केले. शेजारच्या बायका म्हणाल्या, काय माणूस तरी, विचारपूस करायची सोडून केर काढतो. पण काकांना त्या तुकड्यांत काहीतरी दिसलं होतं. दुकानात आणून त्यांनी ते माझ्या काउंटरवर मांडले. भट्टीत नीट तापवलेली काच फुटली की खडीसाखरेसारखी फुटते, म्हणाले, बारीक आणि बोथट, अंगावर उडाली तरी ओरखडा येतो. हे तुकडे वीत-वीत लांबीचे होते, सुरीसारखे. या काचेला भट्टी पुरती मिळालीच नव्हती.

कंपनीचा माणूस आला. त्याने काकीच्या चुलीकडचे वीस-पंचवीस फोटो काढले, आणि दीड महिन्याने पत्र आलं. अपघाताची कारणं दोन. एक, सूचनापत्रकाविरुद्ध जड बिडाचा तवा वापरला. दोन, अनधिकृत माणसाकडून दुरुस्ती करून घेतली. काचेबद्दल अक्षर नाही. पत्र मीच वाचून दाखवलं. बाजारात बातमी पसरायला चहा निवायचासुद्धा वेळ लागला नाही. सहदेवाने हात लावला आणि शेगडी फुटली, असं लोक उघड बोलायला लागले. काका ऐकून घ्यायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि हे साबणाचं पाणी ढवळत बसायचे.

आणि मग मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. कोणाचा तरी अर्ज भरताना मला दिल्लीच्या एका खात्याचा मसुदा सापडला. गॅस शेगडीचे नवे नियम. त्यात लिहिलं होतं, काचेच्या प्रत्येक खेपेतल्या थोड्या काचा सरकारी प्रयोगशाळेत फोडायच्या, तुकडे मोजायचे, लांब तुकडे निघाले तर अख्खी खेप बाद. म्हणजे जे काका माझ्या काउंटरवर सांगत होते तेच. लोकांनी हरकती आणि सूचना पाठवाव्यात, मुदत साठ दिवस.

मी वाचून दाखवलं तेव्हा काका स्टुलावरून उठून उभेच राहिले. मग मला घेऊन तडक कासार्ड्याला. काकी डोळ्याला पट्टी बांधून तांदूळ निवडत होती. काका तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "वयनी, तुझो डोळो परत येवचो नाय. पण असली काच परत कोणाच्या चुलीकडे जावची नाय, तेवढा मी करतंय." काकी म्हणाली, कर. तेवढंच.

हरकत लिहायची म्हणजे काय ते आम्हाला कळायला आठवडा गेला. इंग्रजीतच लिहा. दोन हजार अक्षरांत लिहा. फोटो जोडायचा तर अंगठ्याच्या नखाएवढा. मी रोज दुकान बंद करायच्या आधी लिहायचे आणि ती वेबसाइट शेवटच्या बटणाला मान टाकायची. शेवटी एकदाची हरकत काकांच्या नावाने गेली. शेगडी बनवणाऱ्यांच्या संघटनेने मात्र एकशे चाळीस पानांची हरकत दिली होती, वकिलांच्या सहीसकट. त्यांचं म्हणणं एकच. चाचणी सक्तीची केली तर शेगडी महाग होईल आणि गरिबाला परवडणार नाही. गरिबाचा कळवळा येतो तो असा, एकशे चाळीस पानी.

काका तोवर गावोगाव फिरले. कोणाकडे काचेची शेगडी फुटली होती ते शोधून त्यांनी नऊ घरांतले तुकडे आणले. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत प्रत्येक घराची वेगळी पुडी, पुडीवर गाव, तारीख आणि चुलीवर काय होतं ते. एकीवर लिहिलं होतं, 'फक्त चहा.'

मग प्रितेश आला. वैभववाडीचा मुलगा, पुण्याला शिकलेला, इस्त्रीचा शर्ट, आणि नोकरी त्याच संघटनेत. आल्या-आल्या काकांच्या पाया पडला. आपलोच झील, आपल्याच मुलखातला मुलगा, म्हणून काका लगेच विरघळले. तो म्हणाला, तुमच्यासारख्या जुन्या कारागिरांचं मत दिल्लीपर्यंत जायला हवं, कणकवलीला सभा ठेवली आहे, सरकारी अधिकारीही येणार आहेत. मी काकांना सांगितलं, यात काहीतरी आहे. काका म्हणाले, तुका सगळीकडे काळाच दिसता.

कणकवलीच्या हॉलमध्ये जिल्ह्यातले साठेक कारागीर जमले होते. सगळ्यांना कंपनीची टोपी, मागे कोंबडी-वड्यांचा वास. मी काकांचे कागद सांभाळायला गेले होते. आणि सुरुवात कशाने केली, तर गाऱ्हाण्याने.

आमच्याकडे नारळाशिवाय आणि गाऱ्हाण्याशिवाय काही सुरू होत नाही, मग ते लग्न असो की बोअरवेल. एकाने सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ही ऐकून, विचार करून म्हणायची गोष्टच नाही. शिंकेसारखं ते येतं. लहानपणापासून आलेलं आहे, आणि गाऱ्हाण्यात गप्प राहिलेला माणूस मी तरी बघितलेला नाही.

प्रितेशने नारळ हातात धरला, डोळे मिटले आणि काय आवाज लावला म्हणून सांगू. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

"बा देवा रवळनाथा, आज ह्या ठिकाणी तुझी लेकरां जमली आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कोणाच्या चुलीकडे आगीची, गॅसची इडापिडा आसात, ती दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"नको त्या हातान दुरुस्ती होवन कोणाचा वायट झाला आसात, ता हेच्या फुडे होव नको दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि सरकार नि कंपनी मिळान जो काय नियम करतली, तो सगळ्यांका मान्य होव दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांत मोठा आवाज काकांचा. आणि मी? मीही म्हटलं. चारही वेळा. बाजूला एक पोरगा मोबाइल धरून उभा होता तो मला दिसत होता, आणि तरी म्हटलं. मग नारळ फुटला आणि मोबाइल बंद झाला. काका हात वर करून काचेबद्दल बोलायला उठले, दहा मिनिटं बोलले, चांगलं बोलले, पुड्या उघडून दाखवल्या. सरकारी अधिकारी मान हलवत होते. प्रितेश म्हणाला, काकांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आता जेवून घेऊया, वडे निवतात. हजेरीच्या कागदावर सह्या झाल्या आणि आम्ही टोप्या घालून घरी आलो.

अडीच महिन्यांनी सुनावणीचं पत्र आलं. ओरोसला, जिल्ह्याच्या कार्यालयात, पडद्यावर दिल्लीचे साहेब. काका धुतलेला सदरा घालून, डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. गेटवर शिपायाने डबा उघडायला लावला आणि म्हणाला, काच आत नेता येणार नाही, कोणाला लागली तर? मी त्याला म्हटलं, अहो, हेच तर सांगायला आलोय. तो म्हणाला, मॅडम, नियम आहे. नऊ घरांच्या चुलीवर बसायला जी काच चालते, ती सरकारी ऑफिसच्या टेबलावर चालत नाही. डबा गेटवर राहिला. मी आणखी काही बोलणार होते, काकांनी माझा हात धरला.

आत गेल्यावर संघटनेच्या वकिलाने आधी फोटो दाखवले. नर्मदाकाकीचं स्वयंपाकघर, भिंतीएवढं. बिडाच्या तव्याला लाल गोल केलेला. कोपऱ्यातली काजळी धरलेली जुनी चूल, टवका उडालेला कप, दोरीवर वाळत घातलेला तिचा परकर. वकील सांगत होता की ग्राहकांची राहणी अशी असताना काचेला दोष देता येणार नाही. खोलीत दहा-बारा पुरुष बसले होते आणि सगळे तो परकर बघत होते.

मग व्हिडिओ लावला. गाऱ्हाणं. खाली इंग्रजीत ओळ, 'संघटनेने सुचवलेल्या नियमांना सर्व कारागिरांची एकमताने संमती.' पडद्यावर काका, टोपी घातलेले, तोंड उघडून, आणि त्यांच्या मागे मी. दिल्लीच्या साहेबांना हिंदीत समजावलं की हे स्थानिक भाषेतलं मतदान आहे. काका उठले. सरकारी खोलीत ते नेहमीच जपून, पुस्तकातलं बोलतात.

"साहेब, ते आम्ही देवाला म्हटलं होतं. कंपनीला नाही."

साहेबांनी विचारलं, "आवाज तुमचाच आहे ना?"

कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, दाखवलंय ते अर्धवट आहे, पुढे मी काचेबद्दल बोललो ते कुठाय? काका म्हणाले, "माझाच आहे." आणि बसले. पुढचं कुठाय म्हणून मीच ओरडले, तर मला सांगण्यात आलं की मी कारागीर नाही आणि नोंदणीकृत हरकतदारही नाही. प्रितेश समोरच्या रांगेत बसून फाइल चाळत होता.

परतीच्या गाडीत मी काकांना बोलायचं तेवढं बोलले. त्यांचं एकच, "आवाज माझोच होतो गो. खोटा कसा बोलू?"

नियम निघाले. काचेची चाचणी सक्तीची, पण कंपनीने आपली आपण करायची आणि आपलं आपण प्रमाणपत्र ठेवायचं. सासूने सुनेला, सुनेने सासूला सुगरण म्हणावं तसं. काच अचानक फुटू शकते, अशी सूचना शेगडीवर चिकटवायची. कुठे, तर तळाला. आणि दुरुस्ती फक्त परवानाधारकाने करायची. परवाना कोणाला, तर कंपनीच्या वर्गाला पुण्यात तीन आठवडे बसेल आणि दहावीचं प्रमाणपत्र दाखवेल त्याला. काका सातवी. या शेवटच्या कलमाखाली लिहिलं होतं, 'कारागिरांच्या विनंतीवरून.'

काकांनी गाळ्याचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि आत बसून राहायला लागले. मी रोज म्हणायचे, निदान कासार्ड्याला जाऊन सांगून या, ती वाट बघत असेल. जातंय, म्हणायचे. आज पाऊस, उद्या गुडघा. शब्द देऊन आलेला माणूस, त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती, हे मला दिसत होतं. पण लाजेलाही काही सुमार असतो. पाच आठवडे गेले. शेवटी मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना पुढे घालून घेऊन गेले.

काकीने चहा केला. अजयने आता दुसरी शेगडी आणून दिली होती, साधी पत्र्याची. काकांनी सगळं सांगितलं. गेट, डबा, व्हिडिओ, 'माझाच आहे' हेही सांगितलं, एक शब्द न लपवता. फोटोंबद्दल सांगताना अडखळले, मग तेही सांगितलं. काकी एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, गाऱ्हाणं घालणारा तो मुलगा कोणाचा?

वैभववाडीचा, काका म्हणाले.

"त्याच्या आवशीकडे खंयची शेगडी आसा?"

मला वाटलं, काकांना काय माहीत असणार. काका कपातल्या चहाकडे बघत होते.

"पत्र्याची," ते म्हणाले. "चतुर्थीच्या आदी मीच बसवून इलंय. काचेची होती ती काढूक लावल्यान. तो म्हणालो, काका, माझ्या आवशीक काचेची नको."

मी उडालेच. कप खाली ठेवला की आपटला मला आठवत नाही. म्हटलं, अहो, संघटनेचा माणूस स्वतःच्या आईच्या घरातली काच काढून टाकतो, आणि हे तुम्हाला ठाऊक होतं? ओरोसला ठाऊक होतं? समोर बसला होता तो. का नाही बोललात?

काका मला समजावल्यासारखे म्हणाले की बत्तीस वर्षं लोक त्यांना सरळ चुलीपर्यंत येऊ देतात. कोणाच्या डब्यात तांदूळ नाही, कोणाची सून बोलत नाही, सगळं दिसतं. एका घरातलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही, म्हणून तर येऊ देतात. कामाची रीतच ती. त्याच्या आईचं घर सरकारी खोलीत कसं काढायचं?

नर्मदाकाकीने हातातला पदर सोडला. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"माझ्या चुलीकडचो फोटो दिल्लीपर्यंत गेलो, सहदेवा. परकरासकट. आणि तू त्याच्या आवशीची चूल झाकून ठेवलंस."

  बाहेर कोणीतरी काकीला हाक मारून गेलं, तिने ओ दिली नाही. मग काका माझ्याकडे वळले आणि हळूच विचारलं, आता हे लिहून पाठवता येईल का, घेऊक गावतली काय गो अजून एक हरकत.

नव्या नियमांवर पुन्हा हरकत घ्यायला ते निघाल्यापासून तीस दिवस होते. मुदत गेल्या मंगळवारी संपली होती.